न्हाणीघर मोठे भासावे की मोठे असावे?

रविवारच्या पुरवण्यांतून हल्ली एक विषय पुनःपुन्हा डोके वर काढतो. लहान बाथरूम मोठे कसे भासवावे, हा तो विषय. समोरच्या भिंतीवर आढ्यापर्यंत आरसा लावा, फिकट रंगाच्या मोठ्या टाइल्स बसवा, पडद्याऐवजी पारदर्शक काच घ्या, बेसिन जमिनीपासून उचलून भिंतीला टांगा, म्हणजे चार फुटांची खोली सहा फुटांची वाटू लागेल, असा उपदेश त्यांत असतो. हा उपदेश खोटा नाही. फिकट रंग प्रकाश परतवतो, मोकळी जमीन नजरेला आडवत नाही, हे कोणीही मान्य करील. पुण्यातील दोन खोल्यांच्या सदनिकेत आयुष्यभराची पुंजी घातलेल्या कारकुनाने असे काही केले, तर त्याला हसण्याचे कारण नाही. माझा आक्षेप आहे तो 'भासवणे' या क्रियापदाला. स्नान करणारा माणूस डोळ्यांनी स्नान करीत नाही. त्याला कोपर हलवावे लागते, वाकावे लागते, एका पायावर उभे राहावे लागते. आरशातील दोन फुटांत कोणाचेही कोपर मावत नाही.

लहान न्हाणी मोठी कशी दिसेल, हा प्रश्न विचारला जातो. ती लहान का राहिली, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो विचारला की कागदपत्रे उघडावी लागतात. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेने स्वतंत्र न्हाणीघराचे किमान क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर ठरविले आहे. म्हणजे सुमारे १९ चौरस फूट. आकडा उदार नाही, पण माणसाच्या शरीराचा विचार करून काढलेला आहे. त्याच संहितेत शहरी अल्प उत्पन्न गटाच्या घरबांधणीसाठी खास सवलत आहे. तेथे हेच न्हाणीघर १.२ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे १३ चौरस फुटांचे चालते. सवलत कोणाला, हे नीट पाहावे. ती बांधणाऱ्याला आहे. अंघोळ करणाऱ्याला नाही. १.८ चे १.२ झाले, म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. उत्पन्न घटले की माणसाचे शरीरही एक तृतीयांशाने आकसते, असा शरीरशास्त्राचा कोणता नियम आहे? ज्या बाईला दिवसभर उन्हात राबून घाम धुवायचा असतो, तिला कचेरीत बसणाऱ्यापेक्षा न्हाणी अधिक हवी की कमी?

हा झाला शहराचा हिशेब. खेड्याचा हिशेब याहून निराळा आहे, कारण तेथे न्हाणी लहान की मोठी हा प्रश्न उद्भवण्याआधी ती आहे की नाही, हे पाहावे लागते. २०११ च्या जनगणनेने घराच्या आवारात अंघोळीची सोय आहे काय, अशी विचारणा केली होती. ग्रामीण भारतातील जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या कुटुंबांकडे छप्पर असलेले न्हाणीघर आढळले. सुमारे पाचव्या हिश्श्याकडे बिनछपराचा आडोसा होता. उरलेल्या निम्म्याहून अधिक घरांत काहीही नव्हते. त्यानंतर २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान आले, घरटी शौचालयासाठी १२ हजार रुपये मिळाले, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. शौचालये झाली, हे चांगलेच झाले. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीसाठी संडासाचे प्रयोग केले, तेव्हा त्यांना हसणारे बरेच होते. त्यांचा विचार उशिरा का होईना सरकारी झाला. परंतु सरकारने मोजले ते भांडे. न्हाणी मोजलीच नाही. घरकुलाच्या आराखड्यात तिला एक कोपरा असतो. तिच्यासाठी शौचालयासारखा स्वतंत्र निधी नाही, उद्दिष्ट नाही, आणि फलकावर आकडाही नाही.

परिणाम काय झाला, तो पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. आमच्या वडगाव निंबाळकरला, किंवा बारामती-इंदापूरच्या कोणत्याही गावच्या वाडीवस्तीवर, सकाळी एक फेरी मारावी. तीन बाय चारच्या संडासात भांड्यावर फळी टाकून घरातील सून अंघोळ करते. फळी नसेल तर पाय भांड्याच्या दोन्ही बाजूंना. जेथे तेही नाही, तेथे दोन भिंतींच्या बेचक्यात जुने लुगडे बांधलेले असते आणि बाया उजाडण्यापूर्वी उरकून घेतात. पुरुषाचा प्रश्न मिटलेला असतो. तो हौदाजवळ किंवा विहिरीच्या थारोळ्यात उघड्यावर दोन तांबे ओतून घेतो. न्हाणीचा अभाव हा दारिद्र्याचा प्रश्न खरा, पण त्याची किंमत मोजते बाई.

२०१९ मध्ये जलजीवन मिशनची घोषणा झाली. दरडोई रोज ५५ लिटर पाणी नळाने घरात द्यावयाचे, असे तिचे उद्दिष्ट. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर. यातील मोठा भाग अंघोळीचा आणि धुण्याचा. पाणी घरात आणण्याची योजना आखताना ते अंगावर कोठे घ्यायचे आणि मग कोठे सोडायचे, याचा विचार त्याच नेटाने व्हायला नको काय? डॉ. बाबा आढावांनी १९७० च्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ उभारली, तेव्हा पाण्यापर्यंत पोहोचण्याच्या हक्काचा लढा होता. घरातल्या घरात, दार लावून, ते पाणी निर्धास्तपणे वापरण्याचा हक्क ही त्याच लढ्याची पुढची पायरी आहे.

आणि आमचा भाग तर पाण्याचा म्हणून ओळखला जातो! नीरा डावा कालवा शंभर वर्षांहून अधिक काळ या शिवारातून वाहतो आहे. त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, उसावर साखर कारखाने उभे राहिले, आणि कारखान्यांवर बंगले. त्या बंगल्यांतील न्हाणीघरे मी पाहिली आहेत. कित्येकांत खाट टाकून झोपता येईल. ऐपत असणाऱ्याने चांगले न्हाणीघर बांधले, याचा मला मत्सर नाही. पण दिवाळीच्या सुमारास बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, मोकळ्या रानात कोप्या घालतात आणि पुढचे पाच-सहा महिने तेथेच राहतात. नवराबायकोचे एक कोयते. बाई पहाटे तीनला उठते, भाकरी थापते, दिवसभर फडात मोळ्या बांधते आणि रात्री गाडी भरायला हात लावते. त्या पालाशेजारी चार काठ्यांना दोन साड्या गुंडाळलेल्या दिसतात. ते तिचे न्हाणीघर. तिला तेथे आरसा लावून जागा मोठी भासवण्याचा सल्ला कोणी द्यावा?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. याची कारणे गुंतागुंतीची आहेत. मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, खाजगी दवाखान्यांचा व्यवहार, सारेच त्यात येते. केवळ न्हाणी नसल्याने हे झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि पाळीच्या दिवसांत अंग धुण्यास, कापड बदलण्यास आणि ते वाळविण्यास हक्काचा आडोसाच नाही, अशा जीवनात पाळी ही बाईला विटंबना वाटू लागते. ती कायमची बंद करण्याचा सल्ला मग सुटकेसारखा भासतो. भासवण्याचा व्यापार येथपर्यंत येऊन पोहोचतो.

लहान न्हाणीचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीत एका कोपऱ्याला मोरी असे. तिच्या कठड्याआड गिरणी कामगाराच्या पिढ्या न्हाल्या, भांडी घासली, बाळंतिणींनी अंग शेकून घेतले. ती मोरी मोठी दिसावी म्हणून कोणी धडपडले नाही; ती वेळेने वाटून घेतली गेली. त्या कष्टमय सहजीवनाचे गोडवे गाणे सोपे आहे. पण ज्यांना बाहेर पडता आले, ते पडले, हे विसरू नये.

मग जागा अपुरी आहे तोवर काहीच करू नये काय? असे मी म्हणणार नाही. प्रश्न विचारण्याची दिशा तेवढी बदलावी. नजरेला जागा मिळेल असे नव्हे, तर शरीराला जागा मिळेल असे उपाय शोधावेत. ते स्वस्त आहेत, आणि बरेचसे आपल्याच जुन्या घरांतून सापडतात.

पहिला उपाय दाराचा. न्हाणीचे दार बाहेर उघडावे. आत उघडणारे दार आपल्या फेऱ्यापुरती जमीन गिळते. शिवाय आत म्हातारे माणूस भोवळ येऊन पडले, तर त्याच्याच अंगाने दार अडते. दुसरा उपाय पिंपाचा. दोनशे लिटरच्या पिंपाला सुमारे दोन फूट व्यास लागतो, १.२ चौरस मीटरच्या न्हाणीतील पाचवा हिस्सा त्यातच जातो. ते पिंप बाहेर ओट्यावर चढवून नळीने पाणी आत घ्यावे. पाचवा हिस्सा परत मिळतो, तोही एक टाइल न बसवता. तिसरा उपाय कोनाड्याचा. नऊ इंची भिंत बांधतानाच तीत साबणाचा, तेलाचा व दिव्याचा कोनाडा ठेवावा. पुढे आलेली फळी लागत नाही आणि खांदाही आपटत नाही. चौथा उपाय उजेडाचा. लॉरी बेकर यांनी केरळात विटांच्या जाळीच्या भिंती बांधून दाखविल्या. तशी जाळी डोक्याच्या वर दिली की उजेड येतो, वारा येतो आणि बाहेरच्याची नजर येत नाही. वर चुन्याचा पांढरा हात द्यावा. अंधाऱ्या खोलीत आरसा लावला तर तो अंधारच दुप्पट करतो. पाचवा उपाय जमिनीचा. गुळगुळीत टाइलऐवजी खरबरीत शहाबादी फरशी, एका कोपऱ्याकडे नीट उतार, बसण्यासाठी एक दगड आणि उठताना धरायला भिंतीत लोखंडी कडी. कोरडे कपडे भिजणार नाहीत इतक्या उंचीवर खुंटी. बाहेर जाणारे पाणी जुन्या परसात अळूला, केळीला आणि कर्दळीला जात असे. आता परस नसेल तेथे शोषखड्डा करावा, म्हणजे बोळात डबके साचत नाही.

एवढे केले की १३ फुटांची न्हाणी १९ फुटांची होईल काय? होणार नाही. ती १३ फुटांचीच राहील. मात्र त्या १३ फुटांचा प्रत्येक फूट बाईच्या कामी येईल. आणि म्हणूनच उरलेल्या सहा फुटांची मागणी सोडता येत नाही.

येथे हमखास एक आक्षेप येतो. लोकांना अद्याप घर नाही, रोजगार नाही, आणि तुम्ही न्हाणीघराचे काय घेऊन बसलात? अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेल्याने मला या आक्षेपाचा हिशेब मांडावासा वाटतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. सव्वा चौरस मीटरची न्हाणी म्हणजे त्याचा विसावा हिस्सा. शौचालयाला लागून ती बांधली, तर मधली भिंत सामाईक, छप्पर सलग, नळाची जोडणीही एकच. विसाव्या हिश्श्यासाठी देश बुडत नाही. बुडते ती प्राधान्यक्रमाची सबब. खरी अडचण पैशाची नसून, ज्या समित्यांत हे आकडे ठरतात तेथे उजाडण्यापूर्वी लुगड्याआड न्हालेली बाई बसलेली नसते, ही आहे.

आणि या बाबतीत आम्ही समाजवादीही निर्दोष नाही. आम्ही जमीन मागितली, हमीभाव मागितला, ऊसतोडीचे दर वाढवून मागितले. मागण्यांच्या लांबलचक याद्या केल्या. त्या याद्यांत न्हाणी क्वचितच आली, कारण याद्या लिहिणारे आम्ही बहुतेक पुरुष होतो आणि आम्हाला थारोळे पुरत होते. मृणाल गोरे यांनी गोरेगावात नळाच्या पाण्याचा प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आणला, तेव्हा तोही अनेकांना घरगुती आणि क्षुल्लक वाटला होता. घरगुती म्हणून हिणवलेले प्रश्न बहुधा बायकांचे असतात.

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत करू या. गरिबाच्या न्हाणीसाठी संहितेत ठेवलेले वेगळे माप रद्द व्हावे. सर्वांसाठी एकच किमान माप असावे. प्रत्येक घरकुलात न्हाणीसाठी शौचालयासारखाच स्वतंत्र निधी मिळावा आणि बांधून झालेल्या न्हाणी मोजल्या जाव्यात. ज्या कारखान्याकडे ऊसतोडीची टोळी येते, त्याने गाळप सुरू होण्यापूर्वी तिच्या तळावर पाण्यासह बंदिस्त न्हाणीघरे उभी करावीत. ती नसतील तर गाळप परवाना मिळू नये. आणि आपल्या ग्रामसभेत, वडगावपासून इंदापूरपर्यंत, घरकुलांचा आराखडा मंजूर होताना एका बाईने उठून एवढेच विचारावे, की या नकाशात मी अंघोळ कोठे करायची?

त्या प्रश्नाचे उत्तर जमिनीवर फुटांत मोजून द्यावे लागेल. आरशात दाखवून चालणार नाही.