लाख, स्पिरिट आणि स्पीड पोस्ट

देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाली आणि महिनाभराने, १ ऑक्टोबरला, स्पीड पोस्टाचे नवे दर लागू झाले. ग्रामोफोनच्या एक-दोन रेकॉर्ड पुठ्ठ्यात बांधून रजिस्टरने पाठवायची जुनी वाट त्यामुळे बंद झाली. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड इथल्या संग्राहकांना मुंबई-पुण्याचा माल याच वाटेने मिळे. आता गतीचे पैसे भरणे आले. पन्नास वर्षे माळ्यावर पडून राहिलेल्या तबकडीला दोन दिवस आधी पोहोचण्याची घाई नसते. तिला उभे, कोरडे आणि उन्हाबाहेर राहायचे असते, आणि त्या तिन्हींसाठी दरपत्रकात रकाना नाही.

टपाल खात्याकडे स्वस्त सेवा नाही असे नाही. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले. त्याचा दर सुरुवातीला ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असा ठरला. शैक्षणिक, सांस्कृतिक आणि धार्मिक साहित्यासाठी ही सवलत आहे, पण ते साहित्य छापील हवे. मेख इथेच आहे. ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून महाराष्ट्राने ऐकली, वाचली ती नंतर. त्या गीतांचे पुस्तक ज्ञान पोस्टाने जाते, त्याच गीतांची एलपी जात नाही. गदिमांचे शब्द कागदावर असले तर ती संस्कृती, आणि बाबूजींचा स्वर लागून ते व्हिनाइलवर उतरले की तो नुसता माल!

नियमात दुरुस्ती करायची तर एक ओळ पुरे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, असे कॉपीराइट कायदाच सांगतो. निदान तेवढ्या जुन्या रेकॉर्ड तरी ज्ञान पोस्टाच्या यादीत घालायला खात्याला अडचण नसावी. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या बहुतेक साऱ्या तबकड्या त्यात बसतात. तशी लेखी मागणी संग्राहकांकडून गेल्याशिवाय ही ओळ कोणी लिहिणार नाही. खिडकीवरच्या कारकुनाशी वाद घालून काही होत नाही. त्याच्या हाती फक्त वजनकाटा असतो.

फुटलेल्या खोक्यांच्या तक्रारींत मात्र सारा दोष टपालाचा नसतो. नमुन्याचे एक खोके पाहावे. वर ‘नाजूक’ असे लाल अक्षरांत लिहिलेले, चिकटपट्टीचे सात वेढे आणि आत चार ७८च्या तबकड्या वर्तमानपत्रात एकत्र गुंडाळलेल्या. वरची शाबूत, मधल्या दोन काठापासून भोकापर्यंत तडकलेल्या, खालची तीन तुकडे. लाखेच्या प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठा हवा, एकाच्या नाल्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, आणि पुठ्ठा तबकडीपेक्षा चहूबाजूंनी इंचभर मोठा. हा गठ्ठा दुसऱ्या खोक्यात, भोवती दोन इंच चुरगळलेला कागद ठेवून, न हलेल असा बसवावा. एलपी पाठवताना ती कव्हरातून काढून आतल्या पिशवीसह कव्हरामागे ठेवावी, म्हणजे धक्क्याने कव्हराची शिवण उसवत नाही. हे सगळे ठाऊक असूनही पुठ्ठ्याचे दहा रुपये वाचवणारे विक्रेते आहेत. त्यांच्याकडून पुन्हा घेणारे ग्राहकही आहेत, आणि त्यांची तक्रार ऐकून घेण्यात अर्थ नाही.

आलेली ७८ची तबकडी लगेच लावू नये. मडके घेताना वाजवून घेतात तशी ती बोटावर तोलून बोटाच्या पेराने हलकेच वाजवावी. शाबूत असेल तर खणखणते. केसाएवढी जरी चीर असली तरी आवाज बद्द येतो.

मग धुणे. यवतमाळ जिल्ह्यात सर्वांत जास्त रेकॉर्ड धुण्यातच मरतात. व्हिनाइलसाठी स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात थोडे मिसळून वापरण्याचा प्रघात आहे. तीच बाटली लाखेच्या तबकडीवर उपडी करणाऱ्यांनी एकदा सुतार पॉलिश कसे करतो ते पाहावे. तो चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घालतो आणि सकाळपर्यंत ती विरघळते. तबकडीतली लाखही तशीच सुटते, खाचा बोथट होतात, पृष्ठभाग राखी पडतो आणि गाणे कायमचे जाते. ७८ची तबकडी म्हणजे अदमासे एक तृतीयांश लाख. बाकी दगडाची भुकटी, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू. लाखेचा किडा पोसणारा पळस आणि कापूस हे दोन्ही या जिल्ह्याच्या ओळखीचे असून इथेच ही चूक व्हावी, याला काय म्हणावे! लाखेला फक्त डिस्टिल्ड पाणी आणि त्यात सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ मखमलीचा कपडा खाचेच्या दिशेने गोल फिरवावा, लेबल कोरडे राखावे, स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावे आणि तबकडी सावलीत उभी करून वाळवावी. बोअरचे पाणी लाख आणि व्हिनाइल दोन्हींना वर्ज्य आहे. ते वाळल्यावर क्षार खाचेत बसतात आणि सुईखाली वाळूसारखे कचकचतात. डिस्टिल्ड पाणी गाडीच्या बॅटरीच्या दुकानात मिळते.

ठेवण्याच्या जागेबद्दल इतर ठिकाणची पुस्तके इथे पुरत नाहीत. ती वीस अंश तापमान आणि चाळीस-पन्नास टक्के आर्द्रता सांगतात. यवतमाळचा मे महिना पंचेचाळीस अंशांना टेकतो. त्यावरचा घरगुती उपाय म्हणजे कूलर, आणि रेकॉर्डला उन्हाइतकाच कूलर बाधतो. कूलरची हवा थंड असते तशी ओलीही असते. तिच्या झोतात ठेवलेल्या कपाटात पावसाळ्याआधीच कव्हरांना बुरशी धरते आणि ती पुढे कागदावरून खाचांत उतरते. रेकॉर्डचे कपाट कूलर नसलेल्या मधल्या खोलीत, आतल्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर उंच असावे. स्लॅबखालचा माळा नको, पत्र्याची खोली तर नकोच. तबकड्या उभ्या आणि ताठ ठेवाव्यात; तिरक्या टेकलेल्या एका उन्हाळ्यात वाकतात. शंभर एलपींचे वजन वीस-बावीस किलोंच्या पुढे जाते, त्यामुळे फळी सागवानाचीच बरी. पीव्हीसीची बाहेरची कव्हरे उष्णतेने घाम सोडतात आणि एलपीवर पांढुरका डाग उमटतो, पॉलिथिनची वापरावीत. डांबर गोळ्या कपाटात ठेवू नयेत. वाळवी आणि झुरळांवर नजर ठेवावी, कारण कव्हरांचा कागद आणि खळ त्यांना आवडतात. जिनिंगच्या हंगामातली कापसाची तूस आणि वणी भागातली कोळशाची धूळ यांसाठी वाजवण्याआधी दर वेळी ब्रश फिरवणे, एवढेच हाती आहे.

वाजवण्याबाबत फार सांगायला नको. ७८ला तिची रुंद सुई, एलपीला बारीक. एकीची सुई दुसरीवर चालवली की खाच तरी जाते नाहीतर सुई तरी. ग्रामोफोनची पोलादी सुई एका बाजूला एकच. चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरवर सिंक्रोनस मोटार घरघरते. वीज गेली तर ती येईपर्यंत थांबणे उत्तम.

एक गोष्ट मात्र संग्राहक हमखास फेकून देतात, ती म्हणजे ७८ची खाकी कागदी पिशवी. तिच्यावर बहुधा विकणाऱ्या दुकानाचा शिक्का, गावाचे नाव, कधी लाऊडस्पीकरवाल्याची शाईतली सही, कधी कोणाच्या लग्नाची तारीख असते. लाऊडस्पीकरवाल्यांच्या तबकड्या इतक्या घासलेल्या असतात की वाजवायला त्या उपयोगाच्या नाहीत. पण बालगंधर्वांचे पद यवतमाळात कोणत्या दुकानातून कोणत्या खेड्यात पोहोचले, हे त्या पिशवीखेरीज दुसरीकडे लिहिलेले नाही. फाटली असेल तर सेलोटेप न लावता सपाट करून वेगळ्या पाकिटात ठेवावी आणि तबकडीला नवी पिशवी द्यावी.

राहिला प्रवासाचा काळ. रेल्वे कळंबपर्यंत फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तरी यवतमाळच्या खोक्याचा शेवटचा टप्पा बंद गाडीतून रस्त्यानेच होतो. भर उन्हात उभ्या असलेल्या पत्र्याच्या गाडीत व्हिनाइल मऊ पडण्याइतकी उष्णता सहज होते, आणि एकदा वाकलेली एलपी नुसती काचेखाली दाबून सहसा सरळ होत नाही. सर्व वाचकांनी आणि विक्रेत्यांनी होळीपासून मृगाचा पहिला पाऊस ओसरेपर्यंत रेकॉर्डचे एकही खोके जिल्ह्यात पाठवू किंवा मागवू नये. ठरलेले सौदे होळीआधी उरकावेत, आणि त्याच टपालाने ज्ञान पोस्टाच्या दुरुस्तीची मागणी स्वतःच्या सहीने खात्याकडे पाठवावी. पत्र छापील नसले तरी चालते.