नाकाला काम हवं

शहरातला पाळलेला कुत्रा बहुतेक वेळा बेकार असतो. दोन वेळचं जेवण वाडग्यात आयतं, फिरणं सकाळ-संध्याकाळ आणि तेही मालकाच्या घाईनं. उरलेला दिवस करायचं काय? मग सोफ्याची शिवण उसवते, कोल्हापुरी चपलेचा फडशा पडतो, लिफ्टचं दार वाजलं की भुंकणं सुरू होतं आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर तक्रार येते. घरचे म्हणतात, ‘अंगात मस्ती आलीय.’ मस्ती कसली, रिकामपण आहे ते!

यावरचा ठरलेला उपाय म्हणजे चेंडू. गच्चीवर न्यायचं, हात दुखेपर्यंत फेकायचा. कुत्र्याचे पाय दमतात, पण डोकं तसंच राहतं. गुळगुळीत फरशीवर झटक्यानं वळताना सांध्यांवर ताण येतो, तो वेगळाच. चेंडू वाईट नाही; पण कुत्र्याचं खरं भांडवल पायांत नसून नाकात आहे. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाखांच्या घरात असतात, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार १० ते ३० कोटी. एवढी यंत्रणा आपण दिवसभर बंद ठेवतो.

शार्लट ड्युरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक जोडीनं २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरगुती कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे वासावरून खाऊ शोधायला लावलं, दुसऱ्याला मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायला. खाऊ दोघांनाही मिळत होता. एका जागच्या वाडग्यात खाऊ असतो, दुसऱ्या जागच्या वाडग्यात नसतो, एवढं कुत्र्यांना आधी शिकवलेलं होतं. मग वाडगा मुद्दाम मधोमध ठेवला. वास शोधणारे कुत्रे त्याच्याकडे आधीपेक्षा लवकर धावले. काहीतरी चांगलं मिळेल, ही आशा त्यांच्यात वाढली होती. पायाशी चालणाऱ्यांत असा फरक दिसला नाही. फिरायला नेल्यावर प्रत्येक खांबापाशी पट्टा ओढणाऱ्यांनी याचा विचार करावा.

डोक्याला काम दिलं तर कुत्रा कुठवर जातो, हे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या ‘चेसर’नं दाखवलं. ही बॉर्डर कॉली जातीची कुत्री. निवृत्त मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांनी तिला तीन वर्षांत १,०२२ वस्तूंची नावं शिकवली. त्यांत कापडी प्राणीच ८००, शिवाय चेंडू ११६. बक्षीस खाऊचं नव्हे, खेळण्याचं! टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात ओळखीच्या खेळण्यांत एक नवी बाहुली ठेवून, कधी न ऐकलेलं ‘डार्विन’ हे नाव घेतलं. चेसर थोडी घुटमळली आणि नेमकी तीच बाहुली घेऊन आली. पिली रोज चार-पाच तास तिला देत. तेवढं कुणी आपल्याकडे मागत नाही.

आपल्या घरी जुना टॉवेल पुरे. त्यावर कोरडा खाऊ पसरून गुंडाळी करायची आणि ती उलगडायचं काम त्याच्यावर सोपवायचं. जमलं की गुंडाळीला सैलशी गाठ. तीन पालथ्या वाट्या, एकीखाली खाऊ, हाही खेळ चालतो. घरातल्या मुलानं पडद्यामागे लपून कुत्र्याला हाक मारावी. या लपाछपीत दोघंही रमतात. सुरुवात मात्र अगदी सोपी हवी. पहिल्याच दिवशी कोडं सुटलं नाही तर कुत्रा पाठ फिरवतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

काही पथ्यं पाळावी लागतात. खेळातला खाऊ रोजच्या जेवणातूनच काढायचा, नाहीतर महिनाभरात कुत्र्याचा पिंप होतो. मनुका, द्राक्षं, कांदा, चॉकलेट वर्ज्य. गिळता येतील असे मोजे किंवा चिंध्या नकोत. घरात दोन कुत्रे असतील तर खाऊचे खेळ वेगवेगळ्या खोल्यांत घ्यावेत. जुनी चप्पलही खेळायला देऊ नये, नवी कुठली हे त्याला कोण सांगणार?

पावसाळ्यात फिरणं बंद पडतं तेव्हा आणि सांधे धरलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी तर हे खेळ फारच उपयोगी. दुकानातली महागडी कोडी नंतर घ्या, घ्यायचीच असली तर. आज रात्रीचं निम्मं जेवण वाडग्याऐवजी टॉवेलात घालून बघा.