आद्याक्षरांचे मोठेपण

इंग्रजी लिपीत प्रत्येक अक्षराची मोठे व लहान अशी दोन रूपे आहेत. देवनागरीत असा भेद नाही. वरवर क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट विज्ञानाचे भाषांतर करणाऱ्यास पदोपदी अडविते.

आद्याक्षरे जोडून बनलेले नाव केव्हा मोठ्या अक्षरांत लिहावे, याविषयी खुद्द इंग्रजीतही एकवाक्यता नाही. डी.एन.ए. यासारखे सुट्या अक्षरांनी वाचले जाणारे नाव सामान्यतः मोठ्या अक्षरांतच लिहितात. सलग शब्दासारखे वाचले जाणाऱ्या नावांविषयी मात्र मतभेद आहे. अमेरिकेची ‘नासा’ आपल्या नावातील सर्व अक्षरे मोठी लिहिते. ब्रिटनचे ‘गार्डियन’ पत्र केवळ पहिलेच. अमेरिकन नौदलाने 1940 मध्ये स्वीकारलेला ‘रडार’ हा शब्द तर आता सर्वस्वी लहान अक्षरांत लिहिला जातो. शब्द रुळला म्हणजे त्यातील आद्याक्षरांचे स्मरण उरत नाही व मोठ्या अक्षरांचे प्रयोजनही संपते. मोठे अक्षर ही वाचकाच्या सोयीसाठी ठेवलेली खूण होय, हे यावरून ध्यानी येईल.

मराठीत ही खूण नाही. तेव्हा तिचे कार्य आपण कशाने साधावे? भिलाई-3 येथील रहिवाशास उदाहरणे दूर शोधावयास नकोत. 1959 मध्ये ज्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तो भिलाईचा पोलाद कारखाना बोलण्यात ‘बी.एस.पी.’ होय. तीच इंग्रजी अक्षरे एका राजकीय पक्षाचीही आहेत. परंतु मराठी वृत्तपत्रे पक्षास ‘बसप’ म्हणतात आणि घोटाळा टळतो. कारखान्याची मालक कंपनी, 1973 मध्ये स्थापन झालेली ‘सेल’, हिची गोष्ट उलट आहे. इंग्रजीत मोठ्या अक्षरांमुळे ती जहाजाच्या शिडाहून वेगळी ओळखू येते. मराठीत मात्र ‘सेल’ विजेरीतलाही असतो आणि कापडदुकानातलाही.

खरा धोका रासायनिक सूत्रांत आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या सूत्रातील दोन्ही अक्षरे मोठी असतात. दुसरे लहान केले की तेच चिन्ह कोबाल्ट या धातूचे होते. झोतभट्टीच्या वायूत हा कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाही, वास नाही. जून 2014 मध्ये भिलाईच्या कारखान्यात विषारी वायूच्या गळतीने सहा जणांचे प्राण गेले. ती दुर्घटना लेखनदोषामुळे घडली नव्हती, हे खरे. तथापि जेथे वाचकाने क्षणार्धात अर्थ जाणून मागे फिरावयाचे, तेथे ‘सी.ओ.’ एवढेच लिहिणे कोणाही अनुवादकास शोभणारे नाही.

रोमन अक्षरेच जशीच्या तशी ठेवावीत, असे काही विद्वान म्हणतात. समीकरणांपुरते ते मान्य करावे. ती चिन्हे साऱ्या जगाची आहेत. परंतु ज्या वाचकास रोमन लिपीतील हे सूक्ष्म भेद परिचित नाहीत, त्याच्यासाठीच तर भाषांतर करावयाचे असते.

म्हणून माझे मत असे : सुट्या अक्षरांनी वाचावयाच्या नावात पूर्णविराम द्यावेत, सलग उच्चारावयाचे नाव साध्या शब्दाप्रमाणे लिहावे, प्रथम उल्लेखात पूर्ण नाव द्यावे, आणि जेथे जिवाचा प्रश्न असेल, तेथे संक्षेप करूच नये. चार अक्षरांची जागा वाचविण्यापेक्षा वाचकाचा अर्थबोध वाचविणे केव्हाही श्रेयस्कर.