कुंपणच शेत खाते तेव्हा

बँकेतील चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर फोडलेली तिजोरी येते. पण अलीकडचे मोठे घोटाळे पाहावेत, तर तिजोरी शाबूत आहे. चोरी झाली ती लेखणीने, आणि तीही आतून!

पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतला गैरव्यवहार फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर झाला. बँकेच्या म्हणण्यानुसार, हिरे व्यापाऱ्यांच्या कंपन्यांसाठी पुरेसे तारण न घेताच हमीपत्रे दिली जात होती. परदेशी संदेश पाठविणारी ‘स्विफ्ट’ यंत्रणा बँकेच्या हिशेबाशी जोडलेलीच नव्हती. हमी बाहेर जाई, पण हिशेबात तिची नोंद नसे. एकच अधिकारी वर्षानुवर्षे त्याच कामावर होता. तो निवृत्त झाला, त्याच्या जागी आलेल्या माणसाने तारण मागितले आणि सारे बिंग फुटले.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. एका बांधकाम समूहाची थकलेली कर्जे झाकण्यासाठी २१,०४९ खोटी खाती दाखविल्याचे तपासात पुढे आले. खातेदाराला मात्र सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली! आयुष्यभराची पुंजी तेथे ठेवणाऱ्या पेन्शनराने काय करावे? पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींवरील विमा एक लाखाचा पाच लाख झाला, हे खरे. पण विमा ही चोरीनंतरची मलमपट्टी आहे.

मग उपाय कोणता? तो महागडा नाही. एकाने केलेला व्यवहार दुसऱ्याने तपासावा. नाजूक कामावरील माणसाची ठरल्या वेळी बदली व्हावी. त्याला वर्षातून काही दिवस सक्तीची रजा द्यावी, म्हणजे त्याची कागदपत्रे दुसऱ्याच्या नजरेखालून जातील. मोठ्या कर्जदाराची चौकशी छोट्या कर्जदाराइतकीच कसून व्हावी. आणि शंका काढणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण मिळावे.

कोणी म्हणेल, असा संशय धरला तर कामे व्हायची कशी? विश्वासाशिवाय बँक चालत नाही, हे मान्य. पण तो विश्वास ठेवीदाराने टाकलेला असतो. तपासणी म्हणजे सहकाऱ्याचा अपमान नव्हे. ती त्या ठेवीदाराची राखण आहे.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येक जण उद्या बँकेत वा पतसंस्थेत नोकरीस लागतील. तेथे एखाद्या दिवशी न वाचलेला कागद पुढे येईल आणि ‘साहेबांनी सांगितले आहे, सही करा’ असे कोणी म्हणेल. त्या वेळी कागद आधी वाचायला मागण्याचे धैर्य आपण दाखवू काय?