महाग कुकर परवडतो का?

भगिनींनो, या खेपेचे पत्र आले आहे ते आमच्या वणीतूनच. लिहिणारीचे यजमान कोळशाच्या खाणीत पहिल्या पाळीला जातात. पहाटे साडेचारला तिचा गॅस पेटतो आणि डबा उरकायचा तर कुकरवाचून भागत नाही. जुना कुकर आता वाफ धरेनासा झाला आहे. सुदैवाने भिशीचा नंबर लागला, म्हणून तिने बाजारात पाच लिटरचे तीन कुकर पाहून ठेवले. एक 900 रुपयांचा, बिनशिक्क्याचा. दुसरा 1,500 चा, आयएसआय शिक्क्याचा, ॲल्युमिनियमचा. तिसरा 3,400 चा, जाड बुडाचा स्टीलचा. सासूबाईंचे म्हणणे, "कायले एवढे पैसे घालवता? शिटी तर तिन्हीची सारखीच वाजते!" आणि ती मला विचारते, "ताई, रोजच्या वरणभातासाठी एवढा पैसा घालावा का?"

सासूबाईंचे बोलणे हसण्यावारी नेऊ नका. त्यांनी चुलीवर गंजात वरण शिजवून आख्खा संसार केला आहे. पण शिटी वाजवणे हे काही कुकरचे खरे काम नव्हे. वाफ कोंडून धरणे आणि वेळ आली की ती बिनधोक सोडून देणे, हे त्याचे काम. उघड्या गंजात पाणी 100 अंशांवर उकळते, त्यापुढे कितीही जाळ घाला, ते तापत नाही. कुकरमध्ये वाफेच्या दाबाने ते साधारण 120 अंशांपर्यंत जाते, म्हणून डाळ लवकर शिजते. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. आता हिशेब करा. वीस सेंटिमीटर रुंदीचे झाकण म्हणजे 314 चौरस सेंटिमीटर. म्हणजे आतून झाकणाला तीनशे किलोंचा रेटा! साखरेची पन्नास किलोंची सहा पोती त्या झाकणावर रचल्यासारखेच झाले. आणि आपण त्याच्याशेजारी उभ्या राहून पोळ्या लाटतो.

ही बुद्धी मला फुकट आलेली नाही. मुलगी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. दारावर आलेल्या भांडीवालीला जुन्या साड्या आणि वर थोडे पैसे देऊन मी एक चकचकीत कुकर घेतला. वर्षाच्या आत त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला. दुरुस्तीवाल्याने भलताच एक बसवून दिला, आणि "बसतो ना, मग झाले" म्हणून मीही गप्प राहिले. एके दिवशी डाळीचे साल शिटीच्या भोकात अडकले. शिटी होईना, म्हणून मी आपली वाट पाहत बसले. तेवढ्यात दारात कुणी हाक मारली, म्हणून मुलगी ओट्याजवळून उठून गेली, आणि मागे झाकण उडाले. वरण छताला लागले. दोन दिवाळ्या रंग दिला तरी तो पिवळा डाग दिसत होता. ती उठली नसती तर काय झाले असते, हा विचार आजही मी पुरता करू शकत नाही.

हा धोका कुकरइतकाच जुना आहे. 1679 साली डेनिस पापाँ या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये वाफेचे बंद भांडे बनवले आणि त्याच्यासाठीच पुढे सुरक्षेची झडप काढली. आपल्याकडे 2021 च्या फेब्रुवारीपासून घरगुती कुकरला आयएसआय शिक्का कायद्याने सक्तीचा आहे. तरीही बिनशिक्क्याचे कुकर विकले जातात. 2022 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्रीवरही कारवाई करावी लागली. शिक्क्याच्या वर आयएस 2347 हा आकडा आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर घालून पाहता येतो. घरातल्या मुलांना सांगा, ती चटकन बघून देतील.

आता पैशांचे पाहू. माझ्या अनुभवाने 900 चा कुकर दोन वर्षे रेटतो, म्हणजे दिवसाला सव्वा रुपया. 1,500 चा नीट वापरला तर दहा वर्षे जातो, म्हणजे दिवसाला एक्केचाळीस पैसे. 3,400 चा पंधरा वर्षे टिकला तरी बासष्ट पैसे पडतात. म्हणजे सर्वांत स्वस्त दिसतो तोच सर्वांत महाग! आपल्याकडे हिंदीत म्हणतातच, महंगा रोये एक बार, सस्ता रोये बार बार.

म्हणून माझा सल्ला मधल्या कुकरचा. शिक्का आणि कंपनीचे सुटे भाग आपल्या गावात मिळणे, एवढ्यासाठी पैसा जरूर मोजावा. त्यापुढचा पैसा चकाकीचा आणि जाड बुडाचा. हाताशी असेल तर द्या, कर्ज काढून नको. उरलेल्या पैशांतून एक जास्तीचे रबर आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घेऊन डब्यात ठेवा. रबर ताठर झाले की बदला. रोज झाकण लावण्यापूर्वी शिटीचे भोक उजेडाकडे धरून पाहा.

आणखी एक. वणीचा भाग चुनखडीचा. बोअरचे पाणी जड, त्यात डाळ लवकर मऊ होत नाही. हा दोष कुकरचा नव्हे. तूरडाळ अर्धा तास भिजवा आणि जमेल तर शिजवायला गोडे पाणी वापरा. पहिली शिटी झाली की आच मंद करा. भसाभसा शिट्या काढणे म्हणजे गॅस हवेत सोडणे. ॲल्युमिनियम आतून काळे पडले तर चिंचेचे पाणी उकळा, निघून जाईल.

प्रत्येक महाग वस्तू घ्यावी असे मी म्हणत नाही. पोळपाट, डबे, चमचे स्वस्तातले चालतात. पण जी वस्तू वाफ, विस्तव किंवा वीज यांच्याशी खेळते आणि रोज हातात येते, तिथे काटकसर करू नये. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणा, शिटी सारखीच वाजते हे खरे, पण शिटी वाजली नाही तर काय, हे आधी पाहायचे असते.