नकाशावरची तुटक रेषा

गेल्या रविवारी सायकल घेऊन पुरंदरच्या माळावर भटकत होतो आणि एका हिरव्या लोखंडी गेटपाशी वाट संपली. त्यावरून हे लिहितोय. लांबलंय, पण निवांत वाचा. सायकल न चालवणाऱ्यांनी तर जरूर वाचा, कारण विषय शेवटी सायकलचा नाहीच.

आमच्यासारख्या डोंगरी सायकलवाल्यांसाठी भाद्रपदातले हे दिवस म्हणजे चैन. पाऊस उघडीप देतो, ऑक्टोबरची काहिली अजून लांब असते. मुळशी-ताम्हिणीकडे अजून चाकं चिखलात रुततात, पण बोपदेव घाट चढून पलीकडे गेलं की जमीन लवकर सुकते. मुरमाड माळ, मध्ये मध्ये बाजरी, वाटाण्याची तोडणी चाललेली, बांधावर कुर्डू. पहाटे साडेपाचला कोंढव्यातून निघायचं, घाट चढायचा, भिवरी-चांबळीच्या बाजूला डांबर सोडायचं आणि एखादी नवी वाट धरायची. दुपारपर्यंत सासवड गाठायचं, मिसळ खायची, सॅकमध्ये बसतील तेवढी सीताफळं घ्यायची आणि उन्हं कलायच्या आत घरी. एका दिवसाची सहल, खर्च नगण्य.

'नवी वाट' हा शब्द मात्र आमचा. त्या वाटेला तो कुणी लावत नाही. आम्हाला नवी वाटणारी प्रत्येक वाट कुणाच्या तरी आजोबाच्या पायाखालची असते. वस्तीवरून देवळाकडे, देवळाकडून बाजाराकडे, गुरांना पाण्यावर नेणारी, मेंढरं खिंडीतून पलीकडे उतरवणारी. माळावरची चांगली सायकलवाट कशी ओळखायची, तर तिचा चढ अंगावर येत नाही आणि पावसाचं पाणी तिच्यावरून वाहत नाही, आडवं ओलांडून जातं. कुणी इंजिनिअरने आखलेली नसते ती. डोक्यावर भारा घेतलेल्या माणसांनी वर्षानुवर्षं चालून चालून तिला असं वळण दिलेलं असतं.

तर अशाच एका वाटेने चाललो होतो. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. टेकाडाच्या कडेकडेने दीडेक किलोमीटर सुंदर गेली आणि समोर दगडी कंपाउंड, वर तारा, मध्ये हे गेट. 'खासगी मालमत्ता. परवानगीशिवाय प्रवेश केल्यास कारवाई.' गेटच्या फटीतून पलीकडे बघितलं तर वाट आत तशीच चालू. लॉनच्या कडेने, पोहण्याच्या तलावामागून, थेट समोरच्या भिंतीपर्यंत. गवत लावलं तरी वाट दिसायची राहत नाही.

मी नकाशा चाळत उभा होतो तेवढ्यात मागून एक मावशी गवताचा भारा घेऊन आल्या. म्हटलं, "मावशी, इथून पुढे जाता येतं का?" त्या हसल्या. "आता कुठलं! पैलं इथनं धा मिन्टात वस्तीवर जायचो. आता त्या खालच्या वढ्यातनं वळसा. पावसात तर लईच घाण." मी विचारलं, कुणी तक्रार नाही केली? "कुनाकडं करायची? त्यांनी इकत घेतलंय नव्हं." भारा सावरून त्या ओढ्याकडे उतरल्यासुद्धा. मी सायकल उचलून त्यांच्या मागे. मोजलं, मला सवय आहे. वळसा दोन किलोमीटरला थोडा कमी होता. माझा एक रविवार वाया गेला असता तर काही बिघडलं नसतं. मावशींचा हा वळसा रोजचा आहे, भाऱ्यासकट.

"त्यांनी विकत घेतलंय" या वाक्यावर सगळा गाव गप्प बसतो. पण जमीन विकत घेतली म्हणजे तिच्यावरून जाणारी वहिवाट आपोआप विकली जात नाही, हे किती जणांना ठाऊक आहे?

मूळ गाव नकाशे एकदा बघा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात नक्कल मिळते. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेले असतात आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने. या पायमार्गाची रुंदी सव्वा आठ फूट धरलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिचं कलम २० सांगतं की जे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा दुसऱ्या कुणाच्या मालकीच्या नाहीत त्या सरकारच्या. शेतात जायला रस्ताच नसेल तर कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो. आणि वहिवाटीचा जुना रस्ता कुणी अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तो मोकळा करून मागता येतो. ग्यानबाची मेख एकच. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. मावशींच्या वस्तीला हे कुणी सांगितलं नाही, आणि सहा महिने काय, दोन पावसाळे उलटून गेले.

कुणी म्हणेल, सरकार पाणंद रस्त्यांसाठी काम करतंय की. करतंय, नाही कुठे म्हणतोय? २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने निर्णय काढला की शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात व्हावी. चांगलं आहे. ज्याचा ऊस किंवा टोमॅटो रस्त्याअभावी शेतात सडतो त्याला विचारा ही किती मोठी गोष्ट आहे. पण या सगळ्याच्या मुळाशी ट्रॅक्टर आहे. ज्या वाटेने ट्रॅक्टर जाणार नाही, ती मोजायची कुणाला? एकेरी तुटक रेषेला ना निधी, ना ठेकेदार, ना उद्घाटनाची फीत. तिच्यावर खर्च काहीच नाही म्हणून तिच्यात कुणाला रसही नाही. तिला मुरूम नको, रोलर नको, बारा फुटांची रुंदीही नको. ती फक्त मोकळी ठेवायची आहे. इतकं स्वस्त काम आपल्याला करता येत नाही, ही खरी गंमत.

बाहेर हे कसं केलं ते थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये १९३२ साली किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर शेकडो कामगार पोरं मालकांची बंदी मोडून चढली. काहींना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ च्या कायद्याने तिथे प्रत्येक भागातल्या सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करणं बंधनकारक झालं. एकदा वाट नकाशावर नोंदली की ती खासगी शेतातून जात असली तरी मालकाला अडवता येत नाही. जमीन त्याची, पीक त्याचं, वाट सगळ्यांची. १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकल चालवायला परवानगी मिळाली, पण एका अटीवर. सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. ही अट मला फार आवडते. हक्क आणि पायरी दोन्ही एकाच वाक्यात.

आता आमच्या लोकांकडे येतो, कारण नुसतं फार्महाऊसवाल्यांना झोडपून मोकळं होणं सोपं आहे.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक वाट सापडली. घरी येऊन फोटो टाकले, जीपीएसचा माग टाकला, 'छुपा खजिना' असं काहीतरी लिहिलं. शंभर लाइक्स आले, बरं वाटलं. पुढच्या दोन-तीन रविवारी तिथे पंचवीस-तीस सायकली गेल्या. आदल्या रात्री पाऊस झालेला असतानाही गेल्या. ओल्या मातीत ब्रेक दाबत उतरलं की चाक घसरतं आणि चर पडतो. पुढच्या सरीला पाणी त्याच चरातून धावतं आणि आडवी ओलांडणारी वाट बघता बघता ओहोळ होते. चिखल टाळायला लोक कडेने गेले, म्हणजे वाटाण्यातून गेले. बांध दोन ठिकाणी फुटला. मग मोटारसायकलवाले आले. महिन्याभराने मी गेलो तर शेतकऱ्याने वाटेवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. आमच्या ग्रुपवर चर्चा काय, तर 'गावातले लोक सहकार्य करत नाहीत'. मीही तेव्हा गप्प बसलो. त्या काट्या माझ्या पोस्टमुळे पडल्या होत्या, हे बोलायला मला दोन वर्षं लागली.

त्या दादांना नंतर जाऊन भेटलो. चिडले नव्हते, तेच जास्त लागलं. म्हणाले, "वाट तुमच्यासाटी न्हाय बंद केली, पिकासाटी केली. पन आता आमचं म्हातारंबी लांबनं जातंय." म्हणजे तिथेही वळसा गावालाच पडला. फार्महाऊसचं गेट आणि या बाभळीच्या काट्या, कारणं वेगळी, पण चालणाऱ्याच्या पायाला फरक काय पडला?

आणि न्यायाने बोलायचं तर सगळे फार्महाऊसवाले काही खलनायक नाहीत. माझ्या ओळखीतले दोघे-तिघे आहेत. एजंटाने स्वच्छ सातबारा दाखवला, त्यावर रस्त्याची नोंद नाही, चोऱ्यांची भीती आहे, म्हणून भिंत घातली. पण मग सातबाऱ्यावर पंचवीस-तीस लाख टाकताना गाव नकाशाची नक्कल काढायला काय हरकत होती? आणि भिंत घालायच्या आधी शेजारच्या वस्तीवर जाऊन एकदा विचारायला? 'इथून कोण जातं-येतं?' एवढा एकच प्रश्न.

काही जण म्हणतील, तुम्ही शहरातले हौशी, आठवड्यातून एकदा येणार, तुम्हाला गावच्या वाटेची उठाठेव कशाला? बरोबर आहे. माझा हक्क सगळ्यात शेवटचा. आधी मावशी, मग गुरं-मेंढरं, मग शाळेची पोरं, मग मी. पण शेवटचा असलो तरी माझ्या हातात एक गोष्ट आहे जी वस्तीवर नाही. आमच्यातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये वर्षानुवर्षांचे माग साठलेले आहेत, तारखेसकट. अमुक वाट २०१९ मध्ये चालू होती, २०२३ मध्ये इथे अडली, हे आम्ही दाखवू शकतो. आजवर हे सगळं कुणाचा वेग जास्त हे ठरवायला वापरलं. एकदा गावाच्या कामाला लावून बघू.

माझं म्हणणं एवढंच.

ग्रामसभेत एक ठराव घ्या की गावातल्या सगळ्या पायवाटांची यादी करायची. गावातली दोन म्हातारी माणसं, तलाठी आणि गाव नकाशाची नक्कल, इतकं पुरे आहे. ज्या वाटा चालू आहेत त्यांची नोंद करा, ज्या अडल्यात त्यांची तारीख लिहा. नव्याने कुठे अडलं तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे अर्ज गेला पाहिजे, आणि तो एकट्या-दुकट्याने नाही, वस्तीने मिळून करावा.

शासनाने शेतरस्त्यांच्या नोंदी करताना एकेरी तुटक रेषाही त्यात घ्यावी. रुंद करायला जाऊ नका. नुसती नोंद करा.

प्लॉट घेणाऱ्यांनी कुंपणात माणूस जाईल पण गुरं आत शिरणार नाहीत अशी नागमोडी फट ठेवावी. चोर भिंतीवरूनही येतात. भारा घेतलेली बाई येत नाही.

आणि आम्ही सायकलवाल्यांनी काय करायचं? पाऊस पडून दोन दिवस झाले नसतील तर माती सोडून डांबरावर चालवा. चाकाला चिखल चिकटायला लागला की परत फिरा. उभ्या पिकाच्या कडेला उतरून सायकल हातात धरा. वनखात्याची जमीन असेल तर आधी परवानगी विचारा. समोरून माणूस किंवा मेंढरं आली की थांबा, घंटी वाजवत बसू नका. आणि वाट आवडली तर तिचा माग जगभर पसरवायच्या आधी गावात एकाला तरी विचारा. मी त्या गेटजवळच्या वाटेचा माग या पोस्टसोबत टाकलेला नाही. कुणी इनबॉक्समध्ये मागितला तरी देणार नाही.

पुढच्या रविवारी त्याच वस्तीवर जाणार आहे. यावेळी सॅकमध्ये गाव नकाशाची नक्कल असेल. सहा महिन्यांची मुदत गेली असली तरी कागद बघितल्याशिवाय हार मानायची नाही, असं तालुक्याच्या एका वकील मित्राने बजावलंय. मावशींनी चहाला बोलावलंय, म्हणाल्या, "ये, पन वढ्यातनं ये."

तुमच्या गावात अशी बंद झालेली वाट असेल तर खाली लिहा. वाटेचं नाव असेल तर तेही लिहा. कुठून कुठे जायची आणि केव्हा बंद झाली, एवढं कळलं तरी पुरे.