दूत अवध्य असतो

सांताक्रूझ हे नाव आपण आगगाडीच्या फलाटावर नित्य ऐकतो. परंतु या पोर्तुगीज शब्दांचा अर्थ ‘पवित्र क्रूस’ असा आहे, याचे स्मरण क्वचितच होते. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणाऱ्या रविवारी ख्रिस्ती लोक ईस्टर पाळतात. त्यामुळे अनेक वर्षी हा सण आणि आपली हनुमान जयंती या उपनगरात एकमेकींच्या शेजारी येतात.

क्रूसावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, ही त्यांची श्रद्धा. हा आपला पुनर्जन्म नव्हे. जीव एक देह सोडून दुसरा धारण करतो, असे आपण मानतो. देहानेच मृत्यूला जिंकले, असे ते मानतात. हा भेद मोठा आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही.

पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकींनी पेत्र व योहान यांस धरविले, धर्मसभेने मौनाची ताकीद दिली. तरी पाहिले-ऐकले ते बोलल्यावाचून राहवणार नाही, हेच त्यांचे उत्तर होते. आपल्या महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईंची कित्येक वर्षे ताटातूट झाली. त्यांनी १९०० साली तोच मार्ग धरला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक सांगत. त्यांनी आपली श्रद्धा अभंगांतून गायिली, कीर्तनातून मांडली. आम्हां कीर्तनकारांना त्यांचा सिद्धांत मान्य नसेल. पण उभे राहून निरूपण करणाऱ्याचा धीर कशास म्हणतात, हे आम्ही जाणतो.

ज्या मारुतिरायाचा जन्मोत्सव आपण करतो, त्याने तरी दुसरे काय केले? पाशांत बांधलेला असता शत्रूच्या भरसभेत त्याने रामाचा महिमा सांगितला. रावणाने वधाची आज्ञा केली, तेव्हा दूत अवध्य असतो, असे बजावणारा बिभीषण त्याच सभेत निघाला. वाल्मीकींनी हा प्रसंग लंकेला नीती शिकविण्यापुरताच लिहिला, असे आम्हांस वाटत नाही.

आमिष किंवा भय दाखवून केलेला उपदेश हा व्यापार होय; त्याचा निषेध अवश्य करावा. परंतु निःस्वार्थपणे आपली श्रद्धा बोलणाऱ्याचे तोंड दगडाने वा बहिष्काराने बंद करणे हे रामभक्ताला शोभत नाही. त्याचे पटले नाही, तर शास्त्राने उत्तर द्यावे. तेवढा अभ्यास नसेल, तर नमस्कार करून आपल्या घरी यावे आणि आपली पोथी उघडावी.